रुखवताच्या पाटीवरचं नाव

मागणी आली होती माझ्या थोरल्या बहिणीला, आणि मी ती धाकटीच्या पदरात टाकली. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अण्णांना त्यांच्या शेवटच्या आजारातही नाही, आणि ज्या दोघींचं आयुष्य माझ्या त्या एका वाक्यानं फिरलं त्या दोघींना तर नाहीच. सांगायचे प्रसंग आले. शब्द ओठापर्यंत आले आणि दर वेळी मी उठून माठातलं पाणी पिऊन आलो. आता पन्नाशी उलटली, आणि तोंडानं होत नाही म्हणून हातानं लिहितो आहे. ह्यातही एक भित्रेपणा आहे, तो पुढे कळेल.

सिरसाळ्याला बाजारतळाच्या मागं आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. वडील, म्हणजे अण्णा, आडतीवर मापाडी. दिवसभर पोती मोजून त्यांच्या जिभेला त्याच लयीची सवय लागली होती. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. घरात भाकरी वाढली तरी ते तसंच मोजायचे आणि आम्ही हसायचो. ते येताना रोज काहीतरी घेऊन यायचे: फाटक्या बारदानाचे तुकडे, सुतळीचे गुंडे, पोत्यांवरून उसवलेला रंगीत दोरा. बाहेरच्याला तो कचरा वाटला असता. आमच्याकडे तो दारातच थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, हातात जायचा. अक्का त्यातून पायपुसणी विणायची, बारदानावर लोकरीनं मोर भरायची, जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांची कमळं करायची. फुटलेल्या बांगड्या ती गल्लीभर गोळा करत हिंडे आणि त्यांना जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळून झुंबरं बांधे. चिकटवायला कणकेची खळ. भाकऱ्या झाल्या की तव्याखालच्या निखाऱ्यावर ती डबडं ठेवायची, आणि शिजणाऱ्या कणकेचा तो आंबूस-गोड वास अंबाडीच्या भाजीच्या वासात मिसळून जायचा. आजही कुठं तो वास आला की आधी मला भूक लागते आणि मग लाज वाटते.

अक्काचा डावा पाय लहानपणी तापात गेलेला. ती तो ओढत चालायची. फरशीवर आधी एक पाऊल आणि मग एक घासलेला आवाज. चार वेळा पाहुणे तिला बघायला आले. चारही वेळा ती पोह्यांची ताटली घेऊन उंबऱ्यापासून चटईपर्यंत येईतो निकाल लागलेला असायचा. पाचव्या वेळी तिनंच अण्णांना सांगितलं, “आता बास. पोहे फुकट जातात.” ती बोलली हसून, आणि आम्हीही हसलो. तेव्हा तिची पंचविशी उलटली होती. माझ्याहून ती तीन वर्षांनी मोठी, रेखा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. रेखाला सुई धरायचा कंटाळा, पण दिसायला नीट, बोलायला तोंडाळ. “अक्का, तुझ्या ह्या बांगड्या-बिंगड्यांनी घर म्हंजे कासाराचं दुकान झालंय,” असं ती म्हणायची आणि अक्का तिला लोकरीचा गुंडा फेकून मारायची.

घरातला सगळ्यात मोठा आवाज आईचा होता, आणि आईला बोलता येत नव्हतं. लकवा मारून तिची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताच्या बोटात तिची चांदीची अंगठी होती, आई ती लोखंडी खाटेच्या दांडीवर आपटायची. टक टक म्हणजे पाणी. टक टक टक म्हणजे कूस बदला. नुसतं टक टक टक टक चालू राहिलं तर कशासाठी ते सांगायची गरज नसे. त्या आवाजाला अक्का उठायची. हातातली सुई तशीच पदरात टोचून पाय ओढत जायची. रेखा नाक दाबायची, आणि मी चपला घालून बाहेर जायचो. हे मी आज साधेपणानं लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या आवाजापाशी येऊन थांबतं.

आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की रुखवत अक्काकडं. सुपारीचे नवरा-नवरी, फेटा बांधलेला नारळ, गव्हाच्या दाण्यांचं देऊळ, बारदानाचा मोर. आणि मध्ये पाटी: ‘चि. सौ. कां. अमुक हिच्या हातचे.’ पाटी लिहायचो मी, कारण अक्षर माझं चांगलं. ज्या पोरीनं आयुष्यात टाका घातला नाही तिचं नाव मी चमकीच्या रंगात रंगवून द्यायचो, आणि नवरीकडचे सगळे, जिन्नस न जिन्नस तिनंच केला असं सांगायचे. ह्याला आमच्याकडं कुणी खोटं धरतच नव्हतं. वऱ्हाडाला ठाऊक असे, सासूला ठाऊक असे. अक्काची खूण एवढीच असायची: प्रत्येक तोरणात ती एक काळा मणी मुद्दाम भलत्या जागी ओवायची. डावीकडून तिसरी सर, खालून दुसरा मणी. बाळाच्या गालाला तीट लावतात तसा. “नजर लागाया नगं,” म्हणायची. ती नजर कुणाला लागू नये म्हणून, तोरणाला की तिला, हे मी कधी विचारलं नाही.

चुलत बहीण शालूचं लग्न गेवराईला, मुलाकडं होतं. रुखवत बारदानात गुंडाळून टेंपोतून नेलं, आणि मांडायला दुसरं कोण येणार म्हणून अक्काला बरोबर घेतलं. आईपाशी शेजारच्या गयाबाई बसल्या. लग्नाच्या आदल्या दुपारी मांडव उभा राहत होता. मांडववाला अंकुश म्हणून एक सडसडीत माणूस, गेवराईचाच, माणसं हाताखाली असली तरी झालर स्वतः बांधणारा. बांगड्यांचं झुंबर टांगायचं होतं, अक्काला शिडी चढता येईना. तो चढला, झुंबर टांगून खाली उतरला, आणि लगेच गेला नाही.

“ही गाठ कुठली? आमच्यात असली कुणी बांधत न्हाई.”

“पोत्याच्या तोंडाची हाय,” अक्का म्हणाली. “आमचे अण्णा मापाडी हाईत. पोतं फाटंल पण गाठ सुटायची न्हाई.”

“दावा बरं.”

तिनं दाखवली. त्यानं बांधून बघितली, चुकली. पुन्हा बांधली, पुन्हा चुकली. अक्का हसली, आणि मी जे बघितलं ते असं, की हसताना तिनं तोंडावर पदर घेतला नाही. जाताना त्यानं सोनेरी लेसची एक गुंडाळी तिच्यापुढं धरली. “हे घ्या. झालरीतनं उरलंय. तुमच्या हातात गेलं तर ह्याचं कायतरी हुईल.”

संध्याकाळी पंगतीच्या पत्रावळी लावताना अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बापू, त्या मांडववाल्यानं मला ताई न्हाई म्हटलं.”

“मग काय म्हटलं?”

“कायच न्हाई. नुसतं ‘तुमी’.” आणि पाय ओढत पुढच्या पत्रावळीकडं गेली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. विसाव्या वर्षापासून दूधवाला, शिंपी, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे बाप्येसुद्धा तिला ताई नाहीतर अक्का म्हणत आले होते. तिच्यापुढं दुसरा शब्द कुणाला सुचलाच नव्हता. ते तिनं मोजून ठेवलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी, येसरच्या आमटीची आणि बुंदीची पंगत बसलेली. मी रुखवताच्या टेबलापाशी राखण करत उभा. एक ठसठशीत म्हातारी आली, सगळं न्याहाळलं, आणि पाटी वाचून फिस्सकन हसली.

“हे खरं केलं कुणी? नवरीनं केलं म्हणून नगा सांगू बाबा, मीबी तीन पोरी उजवल्यात.”

मी हसलो. ती जवळ आली. “मी अंकुशची मावशी. त्याला मायबाप न्हाईत, मीच हाय. लई पोरी दावल्या, एकीलाबी हो म्हणंना. काल येऊन म्हणतो, मावशे, हे रुखवत जिनं केलंय तिचं कुटं जमलंय का बघ. पायानं अधू हाय पर मला चालतंय म्हणतो. मला न्हाई बा पटलं. पर त्याला चालतंय तर मी कोण? तुमी तिचे कोण?”

“भाऊ.”

“मग सांगा की. कुटं जमलंय का तिचं?”

इथं मी थांबतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे, पण लिहिताना पेन जड झालं आहे. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की अक्काला पाचव्यांदा नकार मिळू नये म्हणून मी तसं बोललो. ते धादांत खोटं आहे. ‘पायानं अधू हाय पर चालतंय’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. नकाराची भीतीच उरली नव्हती. मला भीती वाटली ती होकाराची. मावशी बोलत होती आणि माझ्या डोक्यात खाटेची दांडी वाजत होती, टक टक टक टक, आणि त्या आवाजाला उठणारं घरात कुणी नव्हतं. माझं परळीला नोकरीचं जमत आलं होतं. माझ्याही लग्नाचं बोलणं होतं. अक्का गेली तर आई कुणाच्या गळ्यात, हा हिशेब मी मावशीनं दोनदा डोळे मिचकावायच्या आत केला.

“न्हाई मावशी,” मी म्हणालो, “ती नुसती मांडती. सगळं करती ती आमची धाकटी. रेखा. ती काय, पंगतीत वाढायलीय.”

मावशीनं मान वळवली. रेखा बुंदीची परात कमरेला लावून हसत हसत वाढत होती, दोन्ही पाय धड. म्हातारीचा चेहरा उजळला. “तीच का? मग तर लईच बरं झालं की! त्याला मेल्याला कायतरी भलतंच वाटलं.”

ते लोक महिन्याच्या आत रेखाला बघायला आले. अक्का आतल्या खोलीत आईचं अंग पुसत होती. आवाज ओळखून ती दारापर्यंत आली आणि मला खूण करून आत बोलावलं. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

“ते मांडववाले ना रे? कावून आलेत?”

“रेखाला बघायला.”

फडक्यातून फरशीवर पाणी ठिबकत होतं. तिनं ते तिथंच पिळलं. मग म्हणाली, “बरं झालं. चांगला माणूस हाय,” आणि परत खाटेकडं गेली. तिनं एवढंच विचारलं, आणि पुढं कधी काही विचारलं नाही.

मावशीनं त्यांना माझंच वाक्य सांगून आणलं होतं, तरी बाहेर अंकुशरावांची नजर दोनदा आतल्या दाराकडं गेली. मग त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. तो त्यांनी त्यासाठीच आणला होता. “ती पोत्याची गाठ बांधता येती का तुमाला?” त्यांनी रेखाला विचारलं. सगळे हसले. रेखा मापाड्याचीच पोरगी. आम्हा तिघांनाही ती गाठ चालता येण्याआधी आलेली. तिनं एका झटक्यात बांधून दाखवली. मी बघत होतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावरची शंका त्या गाठीबरोबर आवळली गेली आणि संपली. “आणि ते सगळं सामान तुमीच केलंत?” रेखानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. तिला वाटलं, रुखवताचं नेहमीचं बोलणं आहे, सगळ्याच पोरी म्हणतात. ती म्हणाली, “हो.”

पंधरा दिवसांवर लग्न धरलं. नवं रुखवत करायला वेळ नव्हता. अक्कानं आपली पत्र्याची पेटी उघडली. त्यात तिनं स्वतःसाठी म्हणून आठ-नऊ वर्षं जमवलेलं होतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सोनेरी लेस लावलेलं एक तोरण सगळ्यात वर होतं, खळीचा वास अजून ओला. “हे घ्या,” ती म्हणाली, “इथं ठिवून झुरळंच खात्यात.” रेखा तिच्या गळ्यात पडून रडली. आणि मी पाटी लिहिली. ‘चि. सौ. कां. रेखा हिच्या हातचे.’ माझं त्याहून सुंदर अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही.

ज्या आवाजासाठी मी हे केलं तो दिवाळीच्या आधीच बंद झाला. रेखाच्या लग्नाला चार महिनेही झाले नव्हते आणि आई गेली. चार महिने. घर इतकं शांत झालं की अक्का भाकरी थापता थापता मध्येच थांबून कान द्यायची. तिला उठायला कुणी बोलवत नव्हतं, आणि जायला कुठं राहिलं नव्हतं.

रेखाचं मी काय केलं तेही लिहिलं पाहिजे. सासरी पहिल्याच महालक्ष्म्यांना अंकुशरावांनी टोपलीभर मणी, लेस, चमकी तिच्यापुढं आणून ठेवली. त्यांनी ही सोयरीक केली होती ती ह्याच आशेवर, की दोघं मिळून काम करू. रेखा ती टोपली घेऊन माहेरी आली. “अक्का, एवढं करून दे, तुझ्या पाया पडते. घरी सांगितलंय, मला माहेरीच सुचतं म्हणून.” अक्कानं करून दिलं. मग दर वर्षी टोपली. महालक्ष्म्यांची आरास, पोराच्या बारशाचा पाळणा, नव्या घराचं तोरण. तोंडाळ रेखा सासरी मुकी होत गेली. कुणी “इथंच बसून कर की, आमीबी बघतो” म्हटलं की ती टोपली झाकून माळ्यावर ठेवायची. आणि अक्का त्या माणसाचं घर सजवत राहिली, वर्षानुवर्षं, त्यानं तिलाच मागितलं होतं हे ठाऊक नसताना. ते आमच्याकडं यायचे तेव्हा पायरीवरूनच हाक द्यायचे, “काय अक्का, बरं हाय का?” धाकटीच्या नवऱ्यानं थोरलीला दुसरं काय म्हणायचं? पहिल्यांदा त्यांनी तसं म्हटलं तेव्हा अक्का चुलीपाशी होती. तिनं “हाय की” म्हटलं आणि फुंकणी उचलून विस्तव नसलेल्या राखेत फुंकत राहिली.

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या साखरपुड्याला गेवराईला गेलो होतो. अंकुशरावांचे केस पिकले होते. त्यांनी मला दारातल्या तोरणाखाली उभं केलं.

“बापू, एक इचारू? ह्या घरात जेवढी तोरणं हाईत, सगळ्यांत एक काळा मणी. हिला इचारलं तर म्हणती, चुकून पडला. चूक दर वेळी तिसऱ्याच सरीत कशी पडती?”

मी वर बघितलं. बघायची गरज नव्हती.

“मावशी तवा म्हणली, भावानं सांगितलं, करणारी धाकटी हाय.” त्यांचा आवाज चढला नाही. “मावशी चुकीचं ऐकून आलती का?”

माणूस मला दार उघडून देत होता. आत जायचं होतं फक्त. मी म्हणालो, “आसंल दाजी. म्हातारी होती.” ती म्हातारी जाऊन दहा वर्षं झाली होती. मी तिच्या माथी मारून मोकळा झालो. ते “चला, जेवायला बसा,” म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी बुंदीच होती. मी ती पानात तशीच ठेवून उठलो.

आता अक्का माझ्याकडेच असते. काचबिंदूनं तिची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी ती ओवते. मी समोर बसून मणी हातात देतो, कारण हाताला सगळे मणी सारखेच लागतात. तिसऱ्या सरीशी आलं की ती तळवा पुढं करते. “काळा दे रे. दुसराच देशील बघ.” तिचा माझ्यावर विश्वास आहे. परवा असाच मणी घेताना ती सहज म्हणाली, “बापू, शालूच्या लग्नात एक लेस मिळालती बघ मला. तसली पुन्हा कुटं बघितली न्हाई.” मी उठून पाणी पिऊन आलो.

माझा भित्रेपणा म्हटलं तो हाच. मी हे कागदावर लिहिलं, कारण अक्काला आता वाचता येत नाही. हे छापलं गेलं तर रेखा वाचेल, दाजी वाचतील, आणि त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. पण ज्या एका माणसाला हे कळायला हवं त्याला ते माझ्या तोंडूनच ऐकावं लागेल, आणि माझं तोंड अजून उघडलेलं नाही. नुकसान भरून निघेल असं काही माझ्यापाशी नाही. तिचे डोळे नाहीत, वय नाही, पेटी रिकामी आहे. ऐकल्यानं तिला बरं वाटेल की उरलंसुरलंही मोडेल, हे मला सांगता येत नाही. पण ती गोष्ट तिची आहे आणि इतकी वर्षं ती माझ्याकडं पडून आहे.

मी अक्काला एवढंच देणं लागतो: समोर बसून, तिच्या हातात मणी न देता, सांगायचं की अक्का, ती मावशी तुझ्यासाठी आली होती. तुझ्या पायासकट. मी अजून ते सांगितलेलं नाही.